हात सरावत नाहीत

डिसेंबर महिन्यातली गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात समाजमंदिराच्या ओसरीवर आमच्या बचत गटाचं प्रशिक्षण होतं. विषय होता ओल्या लाल मिरचीचा रंजका. वीस किलो मिरची जुन्या धोतरावर ओतलेली, लालभडक, आदल्या दिवशी तोडून आणलेली. नऊजणी गोल करून बसल्या. सकाळी पुसणं आणि देठ काढणं झालं, दुपारी चिरून मीठ लावायचं काम आलं. तीनच्या सुमाराला गटातली सगळ्यात लहान मुलगी पाण्याच्या बादलीत हात घालून बसली. हात बाहेर काढले की आग, बादलीत घातले की जरा बरं. तेवढ्यात सासू तिचं तान्हं बाळ पाजायला घेऊन आली. ही रडकुंडीला आली. या हातांनी लेकराला घेऊ कशी? शेवटी तिनं दोन्ही हात पाठीमागे धरले आणि शेजारच्या मावशीनं बाळ तिच्या छातीशी धरून ठेवलं.

प्रशिक्षण द्यायला तालुक्याहून आलेल्या बाई म्हणाल्या, "अगं, नवीन आहेस म्हणून होतंय. चार दिवसांत हात सरावतात." सगळ्याजणी हसल्या. मीही हसले.

त्या हसण्याचा हिशेब द्यायचा म्हणून हा लेख लिहिते आहे.

'हात सरावतात' हे वाक्य त्यानंतर मला जागोजाग ऐकू यायला लागलं. माझी आई तेच म्हणायची. मिरचीच्या व्यापाऱ्याकडचा मुकादम तेच म्हणाला. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचा मसाला करून द्यायला जाणाऱ्या मावशीही तेच म्हणाल्या. ऐकायला किती साधं वाटतं! पण या एका वाक्यात बाईच्या श्रमाबद्दलचं आपल्या समाजाचं सगळं धोरण आलेलं आहे. हात सरावतात, म्हणून हातमोज्यांची गरज नाही. हात सरावतात, म्हणून हे त्रासाचं काम नाही. त्रासाचं नाही, म्हणून कष्टाचं नाही. आणि कष्टाचं नाही, म्हणून त्याला मोल नाही.

खरोखरच हात सरावतात का? आधी ते पाहू.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन नावाच्या द्रव्यामुळे असतो. बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या फिकट गाभ्यात ते सगळ्यात जास्त असतं. मिरची चिरली, ठेचली की ते बोटांना लागतं, नखांच्या कडेनं आत जातं. आपल्या त्वचेत उष्णतेची खबर मेंदूला देणाऱ्या ज्या चेता आहेत, त्यांनाच ते जाऊन चिकटतं. म्हणून मेंदूला भाजल्याचीच वर्दी जाते. कातडी जळालेली दिसत नाही, पण वेदना जळाल्याची असते. ही यंत्रणा उलगडून दाखवणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. त्यांच्या शोधाची सुरुवात मिरचीतल्या याच द्रव्यापासून झाली. म्हणजे आमच्या गटातली ती मुलगी नाटक करत नव्हती. तिच्या हातांना जे होत होतं त्यावर जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस दिलं गेलं आहे!

मिरचीनं होणाऱ्या हाताच्या या आगीला इंग्रजी वैद्यकाच्या पुस्तकांत नावही आहे. चीनमधला हुनान प्रांत तिखट जेवणासाठी प्रसिद्ध, म्हणून 'हुनान हँड'. दुखण्याला नाव आहे, पण आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत ते कधी चढलेलं मी पाहिलं नाही. कारण 'मिरची लागली' म्हणून दवाखान्यात जायचं असतं हेच कुठल्या बाईला वाटत नाही. गेली तर तिलाच हसतील.

आता सरावण्याचं. पुन्हा पुन्हा कॅप्सेसिन लागलं की त्या चेता थकतात आणि काही काळ खबर देईनाशा होतात, हे खरं आहे. सांधेदुखीवर हेच द्रव्य घातलेलं मलम देतात ते याच कारणानं. म्हणजे सरावणं म्हणजे बधिर होणं. हात बरा होत नाही, त्याची तक्रार करायची ताकद जाते. आणि ती ताकदसुद्धा पुरती जात नाही. डोळ्याला लागलं, लघवीला गेल्यावर लागलं, नखाशी चिरलं असेल तर आग तीच. वीस वर्षं मिरची निवडणाऱ्या बाईला एकटीला गाठून विचारा. ती सांगेल की रात्री हात उशीखाली धरून झोपावं लागतं. हात सरावत नाहीत. बाई बोलायची थांबते.

हे बोलायची थांबणं घरोघर शिकवलं जातं. मुलगी पहिल्यांदा ठेचा वाटते आणि हात चोळत बसते, तेव्हा आई तिला तेल लावून देते. पण लावता लावता म्हणते, "सासरी गेल्यावर असं चालायचं नाही." मुलाला कधी कोणी असं सांगितलं आहे?

याला कौशल्य म्हणायचं की नाही?

हे पाककृतीचं सदर नाही. तरीही रंजका कसा करतात ते मी इथे मुद्दाम लिहिते आहे. आपल्या चळवळीतल्या अनेकजणींना स्वयंपाकाबद्दल लिहायचा संकोच वाटतो. चूल सोडून बाहेर पडलो, आता पुन्हा चुलीबद्दल काय बोलायचं, असं वाटतं. या संकोचाचा फायदा बायकांचं ज्ञान फुकट घेणाऱ्यांनाच होतो.

ओल्या लाल मिरचीचं आयुष्य थोडं. झाडावरच पूर्ण पिकलेली, तरी कडक असलेली मिरची हवी. ती ढिगात पडून राहिली तर दोन-तीन दिवसांत देठाशी मऊ पडते, मग बुरशी धरते. एक सडकी मिरची अख्खी बरणी घालवते. म्हणून एकेक हातात घेऊन निवडायची. धुवायची ती देठासकट. आधी देठ काढला तर त्या भोकातून पाणी आत जातं आणि मग ते कशानंही निघत नाही. धुऊन, पुसून, कापडावर सावलीत पसरून पुरती कोरडी करायची. मग देठ काढायचे, चिरायची आणि मीठ लावायचं. किलोभर मिरचीला पाव किलोच्या आसपास. मिठानं मिरचीला पाणी सुटतं. दोन-चार दिवस बरणीत दडपून ठेवायची, रोज कोरड्या डावानं खालीवर करायची. मग लसूण घालून वाटायची, लिंबू पिळायचं, मेथी-मोहरीची पूड घालायची, हिंगाची फोडणी पूर्ण गार करून वर ओतायची. कोणी शेंगदाणे घालतं, कोणी गूळ. भाकरीवर घ्यायचा असेल तर वर तेल, पिठल्याबरोबर असेल तर तसाच.

यातली प्रत्येक पायरी कारणानं आहे. मीठ आणि आंबटपणा मिळून सडवणाऱ्या जंतूंना रोखतात. म्हणूनच मिठात काटकसर केली, लिंबू टाळलं आणि नुसता लसूण-मिरचीचा ओला गोळा तेलाखाली बुडवून बाहेर ठेवला, तर धोका असतो. तेलाखाली हवा पोचत नाही आणि हवेशिवाय वाढणारे बोट्युलिझमचे जंतू तिथे विष तयार करू शकतात. त्याला वासही येतोच असं नाही. 'कमी मिठाचा' नवा माल काढायला सांगणाऱ्या प्रशिक्षकांनी हे आधी शिकून यावं. फार मीठ नको असेल तर थोडा थोडा करावा आणि फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावा. नाहीतर अख्ख्या मिरच्या पुसून, पिशवीत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. रंग आणि तिखटपणा टिकतो. मऊ पडतात, पण वाटायच्याच असतील तर काय बिघडलं? आणि चिरण्यापूर्वी हाताला तेल चोळावं. आग झालीच तर नुसत्या पाण्यात हात घालून बसू नये. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आधी तेल चोळावं, मग साबणानं धुवावं. आमच्या प्रशिक्षणात त्या मुलीला बादली मिळाली, कारण हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. तीन तासांच्या सत्रात लेबल कसं असावं यावर एक तास होता. हातांवर एक मिनिटही नव्हतं.

आता मला सांगा, एवढं सगळं जाणणाऱ्या बाईला काय म्हणतात? कारखान्यात हेच काम करणाऱ्याला तंत्रज्ञ म्हणतात. हिला म्हणतात, "हिच्या हाताला चव आहे." हातगुण! हातगुण म्हणजे देवानं दिलेलं. देवानं दिलेल्याचा पगार कोण मागणार?

परंपरेचा मोठा गजर करणाऱ्यांना आणखी एक सांगायला हवं. मिरची मुळात आपली नव्हे. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून या किनाऱ्याला लागली. म्हणजे रंजका, ठेचा, भरली मिरची, तिखटाचा डबा ही सगळी परंपरा बायकांनी गेल्या चार-पाचशे वर्षांत घडवली. परदेशातलं एक अनोळखी, जाळणारं फळ हातात घेऊन, चुका करत, भाजून घेत त्यांनी ते टिकवण्याचं शास्त्र उभं केलं. ज्या घरानं परकी मिरची आपली म्हटली, त्या घरातल्या पुरुषाला ती चिरणं एवढं परकं का वाटावं?

'श्रम: स्वतःचे'

माझ्याच कपाटातला एक कागद सांगते. रंजक्यासाठी कर्ज मिळावं म्हणून गटाचा प्रकल्प अहवाल मीच भरला होता. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात 'उत्पन्नवाढ कार्यक्रम' या विषयात असे अहवाल करायला आम्हांला शिकवलं होतं. मिरची, मीठ, लसूण, लिंबू, तेल, बरण्या, लेबलं, टेम्पोचं भाडं, सगळ्यांचे भाव लिहिले. 'मजुरी' या रकान्यात मी लिहिलं, 'श्रम: स्वतःचे'. पुढे रकमेच्या जागी एक आडवी रेघ. आणि खाली बेरीज करून 'निव्वळ नफा' काढला. बँकेचे साहेब खूश, संस्था खूश, मी खूश.

नंतर एका बैठकीत तीच बाळाला हात न लावता पाजणारी मुलगी म्हणाली, "ताई, या रेघेच्या जागी काय यायला पाहिजे?" आम्ही फळ्यावर मांडलं. नऊजणी, दोन दिवस, दिवसाला सहा तास. एकशे आठ तास. शिवाय रोज बरणी हलवायला येणं, बाजारात उभं राहणं, उरलेला माल परत आणणं, ते वेगळंच. 'नफ्या'ला तासांनी भागलं, तेव्हा ओसरीवर शांतता पसरली. तेवढे तास शेतात मिरची तोडायला गेल्या असत्या तर जास्त मिळालं असतं. नफा नव्हताच. होती ती आमचीच अर्धीमुर्धी मजुरी, आणि तिला आम्ही नफा म्हणत होतो.

मैत्रिणींनो, यात फक्त बँकेला आणि सरकारला दोष देऊन आपली सुटका नाही. हा कागद आपण भरतो. बाईच्या हाताला काम द्यायचं म्हटलं की आपल्यालाही पापड, लोणचं, मसालाच का सुचतो? जे काम ती घरात फुकट करते तेच बाहेर जवळजवळ फुकट करायला लावायचं आणि त्याला सक्षमीकरण म्हणायचं! रंजका करू नये असं मी म्हणत नाही. करावा, विकावा, चार गावांत नाव व्हावं. पण रेघेच्या जागी आकडा लिहून विकावा. त्या आकड्यासकट बरणी परवडत नसेल, तर भाव वाढवावा. भाव वाढवून गिऱ्हाईक मिळत नसेल, तर ते काम बायकांना देण्यापूर्वी शंभरदा विचार करावा.

पथारीवरच्या बाया

ओल्या लाल मिरचीचा मोठा बाजार पाहायचा तर नंदुरबारला जावं. हिवाळ्यात बाजार समितीत ओल्या मिरचीच्या गाड्या लागतात. व्यापारी ती विकत घेतात आणि गावाबाहेर उघड्या माळावर वाळत घालतात. त्या जागेला पथारी म्हणतात. लांबून पाहिलं तर लाल गालिचा अंथरल्यासारखं दिसतं. छायाचित्रकार येतात, फोटो काढतात, वर्तमानपत्रांत छापून येतात. फोटोत एखादी पाठमोरी बाई असते, रंगाला उठाव यावा म्हणून.

ती बाई तिथे काय करते? ओली मिरची पसरते, उलथते, डागाळलेली आणि पांढरी पडलेली वेगळी काढते. साधारण चार किलो ओल्या मिरचीची वाळून एक किलो होते. या वाळण्यात पाऊस आला तर धावत जाऊन सगळं गोळा करावं लागतं. भिजलेल्या मिरचीला बुरशी येते आणि काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं यकृताला घातक विष तयार करतात. खाणाऱ्याच्या ताटात विष जाऊ नये याची पहिली राखण या बाईची नजर करते. मग वाळलेल्या मिरचीचे देठ खुडायचं काम. दिवसभर उकिडवं किंवा मांडी घालून बसायचं, नाकाला पदर बांधायचा, खोकायचं आणि खुडायचं. यातल्या बहुतेक आदिवासी आहेत. अनेकींची पोरं तिथेच ढिगाच्या कडेला खेळतात, झोपतात, खोकतात. विदर्भात भिवापूरच्या बाजूला अशाच जागेला सातरा म्हणतात. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मानांकन मातीला, हवेला, वाणाला मिळतं. सातऱ्यावर बसलेल्या बाईच्या बोटांना ते कोण देणार?

देठ खुडण्याची मजुरी वजनावर मिळते. जेवढी खुडाल तेवढे पैसे. इथेच हातमोज्यांचं कोडं सुटतं. मी मुकादमाला विचारलं, "यांना मोजे का देत नाही?" तो म्हणाला, "दिले होते बाई, त्याच घालत नाहीत." तो खोटं बोलत नव्हता. बायांना विचारलं, तर म्हणाल्या, मोजे घातले की उरक होत नाही, संध्याकाळी वजन कमी भरतं. पातळ प्लॅस्टिकचे तर तासाभरात फाटतात. म्हणजे एका हातानं मोजे द्यायचे आणि दुसऱ्या हातानं असा दर लावायचा की मोजे घालणारी उपाशी राहील. नंतर म्हणायचं, बायकांनाच नकोत! वजनावरचा दर आहे तोवर सुरक्षिततेच्या सगळ्या गप्पा व्यर्थ आहेत. आधी दिवसाची किमान मजुरी ठरली पाहिजे, मग मोजे आपोआप हातात चढतील.

याच बाजारात पोती उचलणारे पुरुष आहेत. त्यांचंही काम पाठ मोडणारं आहे. पण त्यांच्यामागे एक लढाई उभी आहे. अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना संघटित केलं, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, आणि १९६९ साली महाराष्ट्रानं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्या कायद्याच्या अनुसूचीत किराणा बाजारातली कामं मोजताना उचलणं, थप्पी लावणं, तोलणं, भरणं यांच्याबरोबर निवडणं आणि साफ करणं हे शब्दही आहेत. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना निवडणं हे काम वाटलं होतं. तो शब्द पथारीवर, सातऱ्यावर उकिडव्या बसलेल्या बाईपर्यंत का पोचला नाही? कारण पोतं उचलणाऱ्याची ताकद डोळ्यांना दिसते. देठ खुडणारीचं म्हणे 'हलकं बसून काम'.

१९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला, पुढे तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावला. त्याचाही इथे उपयोग होत नाही. समान कामाला समान वेतन मागायचं, तर तेच काम करणारा पुरुष शेजारी हवा. जे काम फक्त बायकांच्याच वाट्याला दिलं, तिथे तुलना कोणाशी करायची? काम आधी बायकांचं ठरवायचं, मग बायकांचं म्हणून स्वस्त ठरवायचं. ही युक्ती जुनी आहे आणि अजून चालते.

ऐकून घ्यावे लागणारे मुद्दे

पहिला मुद्दा: बायकांची बोटं नाजूक, चपळ, त्यांनाच हे जमतं. मग शस्त्रक्रिया करणारे, घड्याळ दुरुस्त करणारे, सोनारकाम करणारे बहुतेक पुरुष कसे? पैसा असला की पुरुषांची बोटं नाजूक होतात आणि नसला की बायकांची?

दुसरा: फार ओरडलात तर देठ काढायची यंत्रं येतील आणि आहे तेही काम जाईल. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. पथारीवरच्या बायाही तेच भय बोलून दाखवतात आणि त्यांच्या घरी दुसरी मजुरी नसते. पण यंत्र आलं की बाई जाते, याचं कारण यंत्र व्यापाऱ्याचं असतं. गावोगावी मिरची कांडपाची चक्की चालवणाऱ्या बायका आपण पाहतोच. यंत्राला बायका भीत नाहीत. देठाचं यंत्र बायकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचं असावं, ही मागणी आपण यंत्र येण्याआधी करायची की बाया घरी बसल्यावर?

तिसरा: घरातल्या ठेच्याचाही तुम्ही हिशेब मांडणार का? प्रेमानं केलेल्याचा? हो, मांडणार. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका १०० त ८१ निघाल्या, पुरुष २६. त्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं या कामात जात होते, पुरुषांचे ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, तर पुरुषांनी आपली नऊ वाचवून घेतली! प्रेम असेल, तर ते चिरताना, वाटताना, बरण्या धुतानाही दिसू दे. नुसतं जेवताना दिसून भागत नाही. झणझणीत खाऊन घाम पुसणारा मर्द ठरतो. तेच तिखट उघड्या हातांनी वाटणारीला मात्र नाजूक म्हणतात. हा कुठला न्याय?

मिरचीचं आणि आपल्या चळवळीचं एक नातं आहे. १९८७ साली आलेला केतन मेहतांचा 'मिर्च मसाला' आपल्यापैकी किती जणींनी शिबिरांत दाखवला असेल! शेवटी मसाल्याच्या कारखान्यातल्या बायका सुभेदारावर तिखटाचा मारा करतात आणि आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या आहेत. पण चित्रपट संपल्यावरच्या चर्चेत त्या बायकांना दिवसाला मजुरी किती मिळत असेल, असं कोणी विचारलेलं मला आठवत नाही. त्यांच्या हातात आपल्याला शस्त्र दिसलं, हात दिसलेच नाहीत. आजही मुलींना सांगतात, पर्समध्ये तिखटाची पुडी ठेवा. पुडी ठेवावी जरूर. पण ज्या बाईनं तिच्यासाठी देठ खुडले, तिचं संरक्षण कशानं होणार?

म्हणून काही गोष्टी ठरवू या.

१. आपल्या कोणत्याही गटाच्या प्रकल्प अहवालात 'श्रम: स्वतःचे' असं लिहून पुढे रेघ मारायची नाही. तिथे किमान वेतनाच्या दरानं आकडा येईल, मगच नफा काढला जाईल. रेघ मारलेला कागद बँकेनं मागितला तरी सही करायची नाही.

२. मिरची, मसाला, लोणच्याच्या प्रत्येक प्रशिक्षणाचा पहिला अर्धा तास हातांचा आणि श्वासाचा असेल. तेल, साबण, टिकाऊ मोजे, नाकाला बांधायला स्वच्छ फडकं आणि दर दोन तासांनी सुट्टी. त्याचा खर्च प्रकल्पात धरायचा.

३. पथारी आणि सातऱ्यावर दिवसाची किमान मजुरी, सावली, पाणी, संडास आणि पाळणाघर मिळावं. माथाडी मंडळात नोंदणीसाठी बायांचे अर्ज भरून घ्यायचं काम संघटनांनी यंदाच्या हंगामातच सुरू करावं.

४. आरोग्य केंद्रांत मिरचीच्या कामानं होणारी हातांची आग, डोळ्यांचा त्रास आणि खोकला यांची वेगळी नोंद व्हावी. नोंद नसली की दुखणं नसतं.

५. आणि आपापल्या घरात यंदाची मिरची पुरुषांनी निवडावी, चिरावी. निदान एकदा. बाकी काही कळलं नाही तरी रात्री उशीखाली हात का धरावे लागतात ते कळेल.

गेल्या हंगामात आमच्या गटानं पुन्हा रंजका केला. मिरची वीस किलोच होती. मजुरीचा आकडा धरून बरणीचा भाव ठरवला, तर तो दीडपट झाला. थोड्या बरण्या उरल्या, खोटं कशाला सांगू. त्या उरलेल्या बरण्यांवरून गटात भांडणही झालं. जुन्या दोघी म्हणाल्या, आधी बरं होतं, माल तरी जात होता. या प्रश्नाचं पुरतं उत्तर अजून माझ्याकडे नाही. पण मजुरी पुन्हा कमी धरावी, असं मात्र त्या दोघींनीही म्हटलं नाही.

त्या दिवशीही तालुक्याच्या बाई आल्या होत्या. गटात एक नवीन मुलगी होती. चिरता चिरता तिचे हात पेटले. बाईंनी तोंड उघडलं, "सरावतात गं..." तेवढ्यात गेल्या खेपेला बादलीत हात घालून बसलेली ती मुलगी उठली. तिनं तेलाची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही पण बसा ना चिरायला."

या वेळी कोणी हसलं नाही. बाई क्षणभर थांबल्या. मग पदर खोचून बसल्या.